किडनी ट्रान्सप्लांटनंतर घरी काळजी घेताना या चुका टाळा

डिस्चार्ज मिळाला की घरच्यांना वाटतं, सुटलो. खरं काम तिथून सुरू होतं. हॉस्पिटलात सिस्टर घड्याळ बघून गोळी देतात, घरी ते घड्याळ आपल्या हाती येतं. माझ्या मिस्टरांना किडनी मीच दिली. ओपीडीच्या बाकावर बसून इतर जोडप्यांशी बोलताना एक गोष्ट सतत जाणवते. दुर्लक्ष कुणीच करत नाही, घोळ होतो तो न विचारता केलेल्या उपायांनी.

लेव्हलच्या दिवशी गोळी आधी घेणं

टॅक्रोलिमस बारा-बारा तासांनी घ्यायची असते. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून ती आहे. रक्तात तिचं प्रमाण घटलं तर किडनी नाकारली जाण्याचा धोका, वाढलं तर हीच गोळी किडनीला इजा करते. म्हणून लेव्हल तपासतात, आणि ते रक्त पुढच्या गोळीच्या अगदी आधी द्यायचं असतं. सवयीने सकाळची गोळी घेऊन लॅबला गेलात तर आकडा फुगलेला येतो आणि त्यावरून डोस कमी होऊ शकतो. आमच्याकडे आदल्या रात्रीच सकाळची गोळी डबीतून निघून माझ्या पर्सच्या चेनच्या कप्प्यात जाते. कॉलेज रोडच्या लॅबमध्ये रक्त द्यायचं, दंडावरचा कापूस दाबून धरायचा आणि तिथल्याच खुर्चीत बसून गोळी घ्यायची. नाश्ता त्यानंतर तासाभराने.

मेडिकलवाला म्हणेल, "ताई, ही कंपनी संपलीय, दुसरीची देतो, तेच औषध आहे." घेऊ नका. या गोळीची कंपनी बदलली तरी लेव्हल हलू शकते, म्हणून बदल डॉक्टरांना विचारूनच. पाकीट संपायच्या आठवडाभर आधी पुढचं आणून ठेवा. गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन देऊ नका. गोळीनंतर उलटी झाली किंवा जुलाब लागले तर ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला (हॉस्पिटलात ट्रान्सप्लांटच्या रुग्णांशी संपर्क ठेवणारी व्यक्ती) फोन करा. जुलाबात टॅक्रोलिमसची लेव्हल चढते, हे कित्येकांना माहीत नसतं.

ताकदीसाठी काढा

हा विषय नाजूक, कारण सांगणारी माणसं आपली असतात. सासूबाईंनी प्रेमाने म्हटलं होतं, "अगं, गुळवेलीचा काढा दे त्याला, प्रतिकारशक्ती वाढेल." मी म्हटलं, "आई, डॉक्टर तीच शक्ती गोळ्या देऊन मुद्दाम कमी ठेवतायत. ती वाढली तर किडनीवरच उलटेल." त्यांना ते पटलं. गुळवेल, भस्मं, जडीबुटीच्या गोळ्या, जिममधली पावडर, यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका.

नाशकात हमखास विचारतात, द्राक्षं चालतात का? चालतात. स्वच्छ धुऊन, शुगर आणि पोटॅशियमचा रिपोर्ट बघून, बेताने. पपनस आणि ग्रेपफ्रूट मात्र पूर्ण बंद, त्यांनी लेव्हल चढते.

तापावर आधी क्रोसिन

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला की गोळी द्यायच्या आधी फोन करायचा, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात. क्रोसिनने ताप झाकला जातो आणि आतलं इन्फेक्शन वाढत राहतं. टॅक्रोलिमससोबत दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळीमुळेही ताप दबतो, त्यामुळे थोडी कणकण आणि मलूल चेहरा एवढं दिसलं तरी थांबू नका. अंगदुखीवर ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक कधीच नको, ती थेट किडनीवर जातात. दुसऱ्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक किंवा बुरशीवरची गोळी लिहिली तर आधी नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना दाखवा. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल यांनी टॅक्रोलिमस वाढतं.

एक वही ठेवा. सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन, मग बीपी, तापमान, दिवसभराची लघवी. वजन एकदम वाढलं, पाय सुजले, लघवी कमी झाली किंवा ओटीपोटात, जिथे नवी किडनी बसवलीय तिथे, दुखलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

बघायला येणारे आणि बाहेरचं

पहिले काही महिने भेटायला येणाऱ्यांना फोनवरच थांबवा. वाईट वाटून घेतात, घेऊ देत. सर्दी-खोकला किंवा कांजिण्या असलेल्या मुलांपासून तर कटाक्षाने दूर.

बाहेरची मिसळ आत्ता नको. गरम रस्सा एकवेळ ठीक, पण वरचा कच्चा कांदा, कोथिंबीर आणि बाजूचं पाणी, धोका त्यात आहे. घरातही कच्ची मोडाची कडधान्यं, न तापवलेलं दूध, कापून ठेवलेली फळं टाळा. पूजेचं पंचामृत आणि रामकुंडाचं तीर्थ यांना नमस्कार करावा, तोंडात घेऊ नये. २०२६-२७ च्या सिंहस्थात गर्दीच्या स्नानाचा आग्रह कुणी धरला तर डॉक्टरांचं नाव सांगून मोकळं व्हा.

गोदाघाटावर कबुतरांना दाणे टाकणं, घरी कुंड्यांची माती उकरणं बंद. कबुतरांच्या विष्ठेतून आणि मातीतून बुरशीचं इन्फेक्शन होऊ शकतं. पण चोवीस तास कोंडूनही ठेवू नका. डॉक्टरांनी परवानगी दिली की सकाळी गर्दी नसताना कृषीनगरच्या ट्रॅकवर हळूहळू चालणं फार उपयोगी पडतं.

चिडचिड मनावर घेणं

स्टिरॉइडने झोप उडते, भूक वाढते, शुगर चढते आणि माणूस भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवतो. टॅक्रोलिमसने हात थरथरतात, चहा बशीत सांडतो, त्याचाही राग येतो. कप अर्धाच भरा. भांडायला बसू नका, पण डॉक्टरांना नक्की सांगा. स्टिरॉइड मात्र आपल्या मनाने कधी थांबवू नका.

दात्याने स्वतःला विसरणं

आपल्याकडे किडनी देणारी बऱ्याचदा बायकोच असते, आणि डिस्चार्जनंतर सेवाही तीच करते. तिचंही पोट कापलेलं असतं, हे घर पटकन विसरतं. साधारण सहा आठवडे जड उचलायचं नाही. गॅसचा सिलिंडर सरकवणं, पाण्याची भरलेली बादली, ओल्या चादरी पिळणं, हे दीर, मुलगा, शेजारी कुणालाही सांगा, संकोच करू नका. दुखण्याची गोळी तिनेही विचारूनच घ्यायची. दरवर्षी बीपी, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) आणि लघवीतलं प्रोटीन तपासायचं. नवऱ्याच्या फाइलला जोडून स्वतःची वेगळी फाइल करा आणि पुढची तारीख घेताना काउंटरवर दोन्ही पुढे करा.