चमकणारे सिलिकॉन नॅनोकण: प्रयोगात या चुका टाळा

संभाजीनगर असो की नांदेड, सच्छिद्र सिलिकॉनचे चमकणारे कण हाती घेतलेल्या विद्यार्थ्याची पहिली तक्रार ठरलेली: "सर, काल चमकत होते, आज काहीच नाही." बहुतेक वेळा कण बिघडलेले नसतात, विरघळून गेलेले असतात. उंदराच्या शरीरात टोचून इमेजिंग करायला ते निवडलेत, ते याच विरघळण्यासाठी. कॅडमियमच्या क्वांटम डॉटमधून (तसेच चमकणारे अतिसूक्ष्म स्फटिक) विषारी धातू शरीरात सुटण्याची भीती असते. हा कण मात्र सिलिसिक आम्ल होऊन लघवीवाटे बाहेर पडतो. अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ मायकेल सेलर यांच्या गटाने 2009 मध्ये हे उंदरांत दाखवलं.

म्हणून कण फॉस्फेट बफरमध्ये (शरीरातल्या द्रवासारखं खारट द्रावण) साठवू नका. 37 अंशांला तिथे ते काही तासांत संपतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात लाइट गेली की बंद खोली याच्याही वर जाते. इथेनॉलमध्ये ठेवा, इंजेक्शनच्या आधी बफरमध्ये घ्या. डेक्स्ट्रानचा (साखरेच्या लांब साखळ्यांचा) लेप दिला तर विरघळणं लांबतं. उलट, नुकतेच एच केलेले (आम्लाने कोरून काढलेले) कण मंद दिसले म्हणून फेकूनही देऊ नका. पाण्यात राहून पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढला की चमक वाढते; त्याला दिवस लागतात. हे पाणी डीआयच (क्षार काढलेलं) हवं. बोअरच्या पाण्यावर नुसत्या फिल्टरने भागत नाही. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे कणांच्या गुठळ्या होतात.

विषारीपणा तपासताना डोळे झाकून एमटीटी लावणं ही जुनी खोड. या चाचणीत जिवंत पेशी एका रंगद्रव्याचं क्षपण करून ते जांभळं करतात. सच्छिद्र सिलिकॉन त्या रंगद्रव्याचं स्वतःच क्षपण करतं, म्हणजे पेशी मेल्या तरी वेल (प्लेटमधला खळगा) जांभळी! पेशी न घालता नुसते कण टाकलेली एक वेल ठेवा, आणि दुसऱ्या तत्त्वावरची एखादी चाचणीही करा. त्याशिवाय 'बिनविषारी' हा शब्द प्रबंधात लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात जास्त फसवते ती उंदराच्या पोटातली चमक. इमेजिंगमध्ये पोट लालभडक दिसतं आणि लगेच नोंद होते, 'कण आतड्यात साठले'. आधी खाद्याच्या गोळ्यांच्या पोत्यावरची यादी वाचा. त्यात बऱ्याचदा लसूणघास असतो, आपण म्हशींना घालतो तोच. त्यातलं हरितद्रव्य लाल प्रकाश सोडतं, आणि आपले कण 650 ते 900 नॅनोमीटरमध्ये चमकतात. दोन्ही एकमेकांवर येणारच. इमेजिंगच्या काही दिवस आधीपासून लसूणघास नसलेलं खाद्य द्या आणि इंजेक्शन न दिलेल्या उंदराचा फोटो त्याच सेटिंगवर आधी काढा. टाइम-गेटेड कॅमेरा मिळत असेल तर उत्तमच: ऊतींची चमक नॅनोसेकंदांत विझते, सिलिकॉनची मायक्रोसेकंदांपर्यंत टिकते, तेवढा वेळ थांबून फोटो घेतला की पार्श्वभूमी गळून पडते. प्राण्यांच्या नैतिकता समितीची मंजुरी मात्र पहिला उंदीर हाती घेण्याआधीच हवी.

आता एचिंग. हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खातं, म्हणून भांडी टेफ्लॉनची. सौम्य आम्ल कातडीवर पडलं तर सुरुवातीला दुखतही नाही आणि मुलं हात पुसून कामाला लागतात; तोवर ते आत उतरून कॅल्शियम ओढायला लागलेलं असतं. लगेच भरपूर पाण्याने धुवा, कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल चोळा आणि थेट दवाखाना गाठा. जेल टेबलावर नसेल, किंवा सुटीच्या दिवशी लॅबमध्ये एकटेच असाल, तर त्या दिवशी एचिंग नाही.