जुना कपडा घरी रंगवताय? या चुका टाळा

रंगाची पुडी आणायला निघण्याआधी कपडा उलटा करा. आत शिवणीपाशी दुमडलेल्या कापडातून दोन-चार धागे ओढून काढा. शिलाईचा दोरा नको, कापडाचाच धागा हवा. तो चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर काडेपेटीने पेटवा. कागद जळल्यासारखा वास आला आणि मागे मऊ राखाडी राख उरली, तर कापड सुती किंवा रेयॉनचं. केस जळल्याचा वास आला आणि उरलेला काळा गोळा बोटांत चुरला गेला, तर रेशीम किंवा लोकर. धागा आक्रसून वितळला आणि न चुरणारा टणक मणी झाला, तर ते पॉलिस्टर किंवा नायलॉनसारखं कृत्रिम कापड. मग पुडी आणण्याचे कष्ट घेऊ नका.

घरी रंगवलेले जेवढे कपडे बिघडलेले मी पाहिले, त्यातले बहुतेक हे न केल्यामुळे बिघडले. दुकानात आपण विचारतो, ‘नेव्ही ब्लू आहे का?’ खरं विचारायला हवं, ‘हा रंग कुठल्या कापडावर बसतो?’

आमच्याकडे टेरिकॉटची एक पँट होती. विटलेली, पण शिवण भक्कम. काळ्या रंगात तासभर उकळली. पातेल्यात पाहिलं तर काळीकुळकुळीत, पण धुवून वाळत घातली तेव्हा उंदरासारखी करडी. टेरिकॉट म्हणजे पॉलिस्टर आणि सुताची मिसळ. रंग धरला तो फक्त सुताने, पॉलिस्टर जसंच्या तसं राहिलं. पॉलिस्टरचे रंग वेगळे असतात आणि ते धाग्यात नीट शिरायला कारखान्यात दाबाखाली 130 अंशांच्या आसपास तापमान देतात. आपल्या गॅसवरचं पाणी 100 अंशांपलीकडे जात नाही. त्यासाठी स्वयंपाकाचा कुकर वापरायचा विचारही करू नका.

शिलाईचा दोराही बहुधा पॉलिस्टरचाच असतो. म्हणून फिका आकाशी कुर्ता गडद निळा केला, की गळ्याभोवती, खिशावर आणि काजांना आकाशी टाके उठून दिसतात. हा दोष नाही, पण आधी माहीत असलेला बरा. मला स्वतःला तसे टाके आवडतात. ज्यांना आवडत नाहीत, त्यांनी जुन्या रंगाच्या जवळचाच गडद रंग निवडावा.

पुडी कुठली, ते न बघणं

सुती कपड्यासाठी घरी दोन तऱ्हेचे रंग वापरतात आणि दोघांची वागणूक अगदी उलटी. गोंधळ इथेच होतो.

पहिला गरम पाण्याचा रंग. जनरल स्टोअरमध्ये मिळणाऱ्या छोट्या पुड्या बहुधा याच असतात. याला कडक गरम पाणी आणि मीठ लागतं, सोडा लागत नाही. हा रंग धाग्याला नुसता चिकटून राहतो, म्हणून पुढे गरम पाण्यात धुतला की थोडा थोडा सुटतच राहतो.

दुसरा थंड पाण्याचा रंग, प्रोसियन जातीचा. इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने तो 1956 साली बाजारात आणला. बाटिकचं सामान ठेवणाऱ्या दुकानांत विचारा. तो सुताशी रासायनिक बंध जोडतो, म्हणून पक्का. पण त्याला धुण्याचा सोडा लागतोच, आणि पाणी कोमट, 30 ते 40 अंशांचं. हा रंग उकळत्या सोड्याच्या पाण्यात टाकला, तर तो कापडाऐवजी पाण्याशीच जोडला जाऊन वाया जातो. सोडा पडल्यावर काही तासांत त्याची ताकद संपते, त्यामुळे उरलेलं रंगाचं पाणी उद्याच्या ओढणीसाठी झाकून ठेवण्यात अर्थ नाही. रंग कितीही गडद दिसला, तरी ओढणीवर बसणार नाही.

सोडा म्हणजे धुण्याचा सोडा. खायचा सोडा इथे फार सौम्य पडतो. व्हिनेगर सुतावर काही करत नाही, ते रेशीम आणि लोकरीच्या रंगांसाठी. आणि ‘शेवटी मिठाच्या पाण्यातून काढलं की रंग पक्का होतो’ हे आपण आई-आजीकडून ऐकलेलं असलं, तरी खरं नाही. रंग चढत असताना मीठ त्याला पाण्यातून कापडाकडे ढकलतं, एवढंच त्याचं काम. नंतर घातलेलं मीठ पुढच्या धुण्यात निघून जातं.

अंदाजपंचे

वाळलेला कपडा काट्यावर ठेवा. सुती कुर्ता 300 ग्रॅम भरला असं धरू. त्याला सुमारे 8 लिटर पाणी हवं, म्हणजे त्यात कुर्ता सैल फिरेल. मध्यम छटेला वजनाच्या 3 टक्के, म्हणजे 9 ग्रॅम रंग. काळ्याला त्याच्या दुप्पट, कारण काळा कमी पडला की जांभळट किंवा हिरवट झाक मारतो. गरम पाण्याच्या रंगाला साधारण 150 ग्रॅम मीठ, थंड रंगाला 400 ग्रॅम मीठ आणि 100 ग्रॅम सोडा. एवढं मीठ बघून हात कचरतो, पण मूठभर मिठाने रंग पाण्यातच राहतो. जीन्स तर ओली झाली की केवढी जड होते! ती छोट्या पातेल्यात कोंबू नका.

डाग, पट्टे, ठिपके

तेलाचा जुना डाग गडद रंगाखाली झाकला जाईल, अशी सगळ्यांची आशा असते. होतं उलटंच. तेल रंगाला आत शिरू देत नाही आणि त्या जागी फिका ठिपका उमटतो. खळीचं आणि कम्फर्टसारख्या द्रवाचंही तसंच. म्हणून नवाकोरा असो की जुना, कपडा आधी साबण आणि चिमूटभर धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात धुवा (रेशीम आणि लोकर सोडून). मग तो पिळून, ओलाच रंगात घाला. कोरडा कपडा टाकला की जिथे आधी भिजेल तिथे आधी रंगेल. ब्लीचने पांढरे पडलेले ठिपके मात्र रंगल्यावरही फिकेच राहतात, आणि उन्हाने विटलेला खांदा बाकीच्या कापडापेक्षा वेगळाच दिसतो. गडदाकडून फिक्याकडे जाता येत नाही, आणि पिवळ्यावर निळा चढवला तर हिरवाच येणार.

पुडी थेट पातेल्यात ओतली की न विरघळलेला एकेक कण कपड्यावर टाचणीच्या टोकाएवढा गडद ठिपका सोडतो. वाटीत थोड्या गार पाण्यात रंगाची पेस्ट करा, गाठी मोडा, मग पाणी वाढवा (थंड रंगाला कोमटच) आणि जुन्या मलमलीतून गाळून घ्या. भुकटी हाताळताना नाकाला रुमाल आणि हातात मोजे हवेतच. प्रोसियन रंगाची पूड श्वासातून जाऊन काहींना दमा, ॲलर्जी होते. बोअरचं जड पाणी असेल तर रंग मळकट येऊ शकतो, तेव्हा रंग विरघळवायला तरी फिल्टरचं पाणी घ्या.

पहिली 20 मिनिटं समोरून हलू नका. सगळे पट्टे याच वेळात पडतात. कपडा लाटण्याएवढ्या काठीने उलटसुलट करत राहा, घड्या उलगडत राहा, काखेत आणि खिशात अडकलेली हवा दाबून काढा. मीठ दोन-तीन वेळा विभागून, दर वेळी कपडा बाजूला धरून घाला. थंड रंगात अर्ध्या तासाने कपडा बाहेर काढा, वेगळ्या पाण्यात विरघळवलेला सोडा पातेल्यात ओता, ढवळा, मग कपडा परत घालून तासभर ठेवा. सोडा थेट कपड्यावर पडला की तिथे डाग पडलाच.

भांडं स्टीलचं. सोडा ॲल्युमिनियमला खातो. आणि त्या भांड्यात पुन्हा स्वयंपाक नाही.

रेशमी किंवा जरीचं काही असेल तर माझं मत स्पष्ट आहे: घरी करू नका. गरम पाणी आणि सोड्याने रेशीम निस्तेज होतं, जरीचं काम काळवंडतं. हे वेगळंच कसब आहे. पुण्याचे भाऊसाहेब रंगारी मूळचे जावळे. घराण्याचा व्यवसाय शालू रंगवण्याचा, म्हणून ते रंगारी झाले. एखाद्या कामावरून आडनाव पडावं एवढं ते खोल असतं.

हळदीने रंगवायचा मोह सगळ्यांना होतो. पहिल्या दिवशी रंग सुंदर येतो, पण साबण लागला की लालसर होतो आणि उन्हात आठवड्याभरात उडू लागतो. निसर्गातलाच रंग हवा असेल, तर हिरड्याच्या पाण्यात आणि मग तुरटीच्या पाण्यात भिजवलेल्या सुतावर डाळिंबाच्या सालीचा पिवळा करून बघा.

बिघडलं, आता?

पट्टे पडले असतील तर कपडा कोरडा होऊ देऊ नका. धुवून, जास्त पाण्यात, त्याहून गडद छटेत पुन्हा रंगवा. जांभळट काळ्याला परत काळा द्या, पुरेशा मापाने. रंग फारच गडद झाला असं ओल्या कपड्यावरून ठरवू नका, कोपरा इस्त्रीने वाळवून पाहा. वाळल्यावर तो बराच उतरतो.

रंग जातोय, ही सगळ्यात मोठी तक्रार. थंड रंग असेल तर गार पाण्यात दोनदा खळबळून मग कडक गरम साबणाच्या पाण्यात भिजवा, पाणी नितळ येईपर्यंत. न बसलेला रंग गरम पाण्यातच सुटतो आणि बसलेला कुठे जात नाही. पुडीचा गरम रंग असेल तर हेच करू नका, तो कायम गार पाण्यातच धुवा. दोन्ही कपडे उलटे करून सावलीत वाळत घाला.

धुण्याच्या बादलीत इतर कपड्यांसोबत कधी टाकायचा? रंगवलेल्या कपड्याचा कोपरा ओला करा, त्यावर पांढरा फडका ठेवून गरम इस्त्री दाबा. फडका पांढरा राहिला, तर खुशाल टाका.