अनोळखी देशात मिशनसेवेला निघण्यापूर्वी: तयारीची यादी

कपडे, नेहमीची औषधे आणि पवित्र शास्त्र यांविषयी मी लिहीत बसणार नाही. पासपोर्टची मुदत मात्र पाहावी, कारण अनेक देश ती प्रवेशाच्या दिवसापासून किमान ६ महिने शिल्लक असल्याशिवाय आत घेत नाहीत. पीतज्वराची लस जेथे सक्तीची आहे, तेथे तिचा दाखला टोचल्यानंतर १० दिवसांनीच ग्राह्य धरला जातो, म्हणून निघायच्या आठवड्यात दवाखान्यात धावून उपयोग होत नाही.

व्हिसा ज्या कामासाठी असेल तेच काम करावे. पर्यटक म्हणून जाऊन उपदेश करण्याला काही जण विश्वासाचे धाडस म्हणतात. मला ते दुसऱ्याच्या जिवावरचे धाडस वाटते, कारण पकडला गेल्यावर पाहुणा विमानात बसतो आणि त्याला घरात ठेवणारे कुटुंब चौकशीला सामोरे जाते. कायदाही आधी वाचून घ्यावा. नेपाळच्या २०१७ च्या फौजदारी संहितेनुसार धर्मांतर घडवून आणणे हा ५ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि गुन्हेगार परदेशी असल्यास शिक्षेनंतर त्याला देशाबाहेर काढण्याची तरतूद आहे.

आता त्या गोष्टीकडे येतो, जी माझ्या मागच्या यादीत नव्हती आणि जिच्यावाचून बाकीची यादी वाया गेली. निघण्यापूर्वी त्या देशातील असा माणूस शोधा, जो तुमची चूक तुमच्या तोंडावर सांगेल. मी व्याकरण घोकले होते, उपदेश लिहून पाठ केले होते, आणि शब्दकोशात ‘पाप’ या अर्थी दिलेला शब्द आठ महिने निर्धास्तपणे वापरला. तेथील लोकांच्या बोलण्यात त्या शब्दाचा अर्थ फक्त पोलिसांत नोंदवला जाणारा गुन्हा असा होता. आयुष्यभर कोणाच्या काडीला हात न लावलेल्या म्हाताऱ्यांना मी दर आठवड्याला गुन्हेगार म्हणत होतो. ते सौजन्याने मान डोलवत होते आणि एकेक करून येणे बंद करत होते. अखेर एका शाळकरी मुलाने आजीला ‘तू तुरुंगात कधी होतीस?’ असे विचारले, तेव्हा मला उलगडा झाला. मंडळीतील, म्हणजे तेथील चर्चमधील, प्रत्येकाला हे ठाऊक होते, पण पाहुण्याची चूक काढणे तेथे असभ्य मानतात आणि मी कोणालाही तसा अधिकार दिलेला नव्हता.

असा एक माणूस पुरत नाही, निदान दोन हवेत. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानला पोहोचला, तेव्हा त्याच्यासोबत अंजिरो नावाचा जपानी दुभाषी होता. तरीही देवासाठी ‘दाइनिची’ हा शब्द वापरला गेला, आणि ते एका बौद्ध पंथातील वैश्विक बुद्धाचे नाव आहे हे झेवियरला पुढे कळले. मग त्याने लॅटिनमधला ‘देउस’ शब्दच घेतला. अंजिरो प्रामाणिक होता, पण त्याला बौद्ध ग्रंथांचे शिक्षण नव्हते. म्हणून एक माणूस रोजच्या बोलीचा आणि दुसरा तेथील धर्मपरंपरा जाणणारा असावा.

आणि त्यांपैकी कोणीही तुमच्या पगारावर नसावा. ज्याच्या घरची चूल तुमच्या देणगीवर पेटते, तो तुमच्या उपदेशाला उत्तमच म्हणणार. १९१० च्या एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत भारतीय पाळक व्ही. एस. अझरायांनी परदेशी मिशनऱ्यांच्या त्यागाची कदर केली आणि तरीही शेवटी ‘आम्हाला मित्र द्या’ असेच मागितले. ही मागणी मला पूर्वी भावनिक वाटत असे. आता ती अगदी व्यवहाराची वाटते, कारण चूक मित्रच सांगतो. त्यामुळे तेथे आधीपासून मंडळी असेल, तर तिच्या पाळकांना निघण्यापूर्वी पत्र लिहा, तुमची गरज आहे का ते विचारा, आणि माझी चूक मला कोण सांगेल, हेही त्याच पत्रात विचारा. उत्तर येईपर्यंत तिकीट काढू नका.

पाठवणाऱ्या मंडळीशी पैशांविषयी लेखी बोलणे करावे आणि किती जणांचा बाप्तिस्मा झाला या आकड्यांची घाई नसावी, हे तेव्हाच स्पष्ट करावे. अमेरिकन मिशनरी ॲडोनिराम जडसन १८१३ मध्ये ब्रह्मदेशात उतरले आणि त्यांच्या कामातून तेथील माणसाचा पहिला बाप्तिस्मा १८१९ मध्ये झाला; दर तीन महिन्यांनी अहवाल मागणाऱ्यांना हे ऐकवावे. पहिले वर्ष भाषेला द्यावे. उपदेशाची घाई झालीच, तर तो आधी त्या दोघांना वाचून दाखवावा आणि ‘बरोबर आहे ना?’ असे न विचारता ‘यात ऐकायला वाईट काय वाटते?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला होकारच मिळतो. मी आठ महिने तोच मिळवला.

पोहोचल्यावरचे थोडक्यात सांगतो. घर लोकवस्तीतच घ्यावे. छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये, आणि ते देणगीदारांना पाठवायचे असेल तर दुसऱ्यांदा विचारावे. आजारपण लपवू नये. मुले सोबत असतील, तर शाळेची व्यवस्था आधी पक्की करावी.

परतीसाठी तारीख बदलता येणारे तिकीट घ्यावे, मायदेशी काही महिने परके वाटेल हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे आणि तेथील कामाच्या चाव्या, हिशेब व निर्णय परतण्याच्या पुष्कळ आधी तेथील लोकांकडे सोपवावेत. बाकीचे तेथे गेल्यावर कळेल. कळले नाही तर ते दोघे सांगतील, अर्थात तुम्ही त्यांना शोधले असेल तर.