अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा मेंदू असा जपा

‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ हे आमच्या बेळगाव-खानापूरकडे अजून ऐकू येतं. ते खरं नाही. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या मेंदूच्या कामी येतो. 35व्या आठवड्यात मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या जेमतेम दोन तृतीयांश असतं. 37 आठवड्यांआधी आलेल्या बाळाची उरलेली वाढ बाहेर, आपल्या हातात होते.

बाळ पोटात असतानाच निघा. दिवस भरायच्या आधी पोट राहून राहून कडक होऊ लागलं, पाणी गेलं किंवा अंगावरून रक्त गेलं, तर सकाळची वाट पाहू नका. 108ला फोन करा आणि नवजात अतिदक्षता विभाग असलेलंच रुग्णालय गाठा. जन्मल्यावर बाळाला हलवण्यापेक्षा पोटातून नेणं कितीतरी सुरक्षित. कणकुंबी-जांबोटीकडच्या घरांनी पावसाळ्यातला रस्ता धरून हे सातव्या महिन्यातच ठरवावं. तायी कार्डावरचं, म्हणजे सरकारकडून मिळणाऱ्या गरोदरपणाच्या नोंदकार्डावरचं, कन्नड वाचता येत नसेल तर शेवटच्या पाळीची तारीख आशाताईंकडून मराठीत लिहून घ्या. किती आठवडे झाले, यावरच पुढचे उपचार ठरतात.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. 34 आठवड्यांआधी प्रसूतीची चिन्हं असतील तर आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन देता येईल का? नाव ऐकून घाबरू नका. त्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात आणि मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका घटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या अभ्यासात डेक्सामेथॅसोन या स्टिरॉइडमुळे बाळांचे मृत्यू कमी झालेले दिसले (2020), त्यात बेळगावच्या बायाही होत्या. 32 आठवड्यांच्या आत असेल तर आईला द्यायच्या मॅग्नेशियम सल्फेट या औषधाबद्दल विचारा. त्याने सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूला इजा होऊन हातापायांच्या हालचाली बिघडण्याचा, धोका कमी होतो. आणि बाळ श्वास घेत असेल तर नाळ निदान एक मिनिट थांबून कापाल ना?

पहिले तीन दिवस बाळाला कमीत कमी हात लावू द्या. 32 आठवड्यांआधीच्या बाळाच्या मेंदूत आतल्या पोकळ्यांलगतच्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. रक्तदाब वरखाली झाला की फुटतात, आणि बहुतेक रक्तस्राव याच 72 तासांत होतो. म्हणून सिस्टर बाळाचं डोकं सरळ ठेवतात, उगीच उचलत नाहीत. ‘एकदा तोंड दाखवा की’ म्हणून दारात गर्दी करू नका.

मग छातीशी धरा. डॉक्टरांनी होकार दिला की लगेच. माझ्या भाचीचा मुलगा 31व्या आठवड्यात झाला, 1400 ग्रॅमचा. पेटीत त्याच्या मुठी आवळलेल्या, कपाळावर म्हाताऱ्यासारखी आठी. भाचीच्या छातीवर ठेवल्यावर थोड्या वेळाने एकेक बोट सुटत गेलं, आठी गेली. मला तेव्हा कळलं, पेटी ऊब देते, पण आईच्या छातीचे ठोके नाही देत.

टोपी, मोजे, लंगोट एवढंच घालून बाळाला उघड्या छातीवर उभं ठेवा. पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला, हनुवटी छातीत रुतलेली नको, नाक सतत दिसलं पाहिजे. वरून सुती लुगडं घट्ट लपेटा. रोज 8 ते 24 तास हे करावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आई थकली की बाबा बसतील, आजी बसेल.

दूध आईचंच. ओढायची ताकद नसेल तर काढून, सिस्टर सांगतील तसं नळीने नाहीतर बोंडल्याने पाजा. घुटी, मध, गुळाचं पाणी काही नको.

घरी आल्यावर सुईण किंवा आजी टाळू भरायला बसेल. आजींना प्रेमाने सांगा: त्या मऊ जागेखाली हाड नाही, तिथूनच डॉक्टर मेंदूची सोनोग्राफी करतात. तेल दाबून जिरवायचं नाही. धुरी नको, शेगडीचा शेक नको, डॉक्टर सांगेपर्यंत अंघोळही नको. श्वास थांबला, ओठ निळे पडले, झटके आले, पाय गार पडले किंवा दूध सोडलं तर तडक रुग्णालयात.

34 आठवड्यांआधीच्या किंवा 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे 30 दिवसांच्या आत तपासून घ्या, 28 आठवड्यांआधीच्या बाळाचे दोन-तीन आठवड्यांतच. कानांची तपासणीही विसरू नका.

वाढ मोजताना लवकर आलेले आठवडे वजा करा. दोन महिने आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, तर शेजारच्या चार महिन्यांच्या बाळाशी ताडून बघा.