आंदोलक हेही स्पर्धकच: कंपन्यांनो, या चुका टाळा

स्पर्धकांची यादी काढायला सांगितली की मार्केटिंगवाले तोच माल विकणाऱ्या कंपन्यांची नावे लिहितात. त्यात ग्रीनपीससारखी पर्यावरण संघटना नसते, गावची संघर्ष समिती तर नसतेच. या मंडळींना काही विकायचे नसते, हे खरे. पण गिऱ्हाइकाचा विश्वास, सरकारची परवानगी, गावाची संमती यांसाठी त्यांची तुमच्याशी थेट झुंज असते, आणि दर पाडून त्यांना हरवता येत नाही.

पहिली धाव वकिलाकडे

मार्च २०१०. ग्रीनपीसने किटकॅटवर छोटा व्हिडिओ काढला. ऑफिसात कंटाळलेला माणूस रॅपर फाडतो, चॉकलेट समजून ओरांगउटान या वानराचे बोट चावतो आणि रक्त कीबोर्डवर टपकते. मुद्दा होता चॉकलेटातल्या पामतेलाचा, म्हणजे त्या तेलापायी इंडोनेशियात होणाऱ्या जंगलतोडीचा. किटकॅटवाल्या नेस्लेने कॉपीराइटचे कारण पुढे करून यूट्यूबवरून तो उतरवला. झाले! ज्यांना पत्ताही नव्हता तेही तो शोधू लागले. त्यात कंपनीच्या फेसबुक पानावर बिघडवलेला लोगो लावून येणाऱ्यांना ‘कमेंट उडवू’ असा दम दिला गेला. मे महिन्यात नेस्लेने जंगलतोडीशी संबंध असलेले पुरवठादार वगळण्याचे जाहीर केले. शेवटी द्यायचेच होते, तर ते शिव्या खाऊन कशाला?

कागद पक्के, म्हणजे आपण सुटलो

उत्तर समुद्रातली ब्रेंट स्पार ही जुनी तेलटाकी अटलांटिकमध्ये बुडवायला शेल या तेलकंपनीकडे ब्रिटिश सरकारची रीतसर परवानगी होती. ३० एप्रिल १९९५ ला ग्रीनपीसचे कार्यकर्ते तिच्यावर चढले. जर्मनीत लोकांनी शेलच्या पंपांकडे पाठ फिरवली आणि २० जूनला कंपनीने बेत सोडला. गंमत म्हणजे टाकीत उरलेल्या तेलाचा ग्रीनपीसचा आकडा चुकलेला होता. त्यांनी नंतर माफीही मागितली, पण तोवर खेळ आटोपला होता. परवानगी सरकार देते. पेट्रोल कुठे भरायचे ते गाडीवाला ठरवतो.

‘अहवालच खोटा’

ऑगस्ट २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचे सांगितले, तेव्हा एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या कोक आणि पेप्सीने एकत्र पत्रकार परिषद घेऊन ते फेटाळले. पुढे शरद पवारांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त संसदीय समितीने फेब्रुवारी २००४ मध्ये संस्थेचे निष्कर्ष उचलून धरले. आता बोला!

सगळ्यांना एकच औषध

कुणाला पुरवठादार बदलून हवा असतो, कुणाला भरपाई, तर कुणाला तुम्हीच नको असता. गोव्यात केरीच्या लोकांनी नव्वदच्या दशकात नायलॉनचा कारखाना उभाच राहू दिला नाही. तिथे नोकऱ्यांचे आमिष काय कामाचे?

प्रकरण पेटलेच असेल तर

आरोपातले खरे किती, ते आधी आपल्याच माणसांकडून काढून घ्या. बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासणी करा आणि निकाल वाईट आला तरी दडवू नका. चर्चेला पीआरवाला नको, सही करू शकेल असा माणूस पाठवा. मान्य कराल ते तारखेसह लेखी द्या, आणि जे जमणार नाही ते त्याच बैठकीत तोंडावर सांगा.