उघडे टॅब आणि बुकमार्क : दीर्घ प्रकल्पाचे संदर्भ कसे सांभाळावेत

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांच्यावर लेखमाला लिहिण्यासाठी मी संदर्भ जमवू लागलो आणि आठवडाभरात ब्राउझरमध्ये इतके टॅब उघडे राहिले की पट्टीवरची शीर्षके दिसेनाशी होऊन नुसती चिन्हे उरली. महिनोन्महिने चालणाऱ्या अशा कामात टॅब आणि बुकमार्क यांची कामे वेगळी ठेवावीच लागतात.

ज्या पानाचे काम आजच्या बैठकीत संपणार आहे, तेवढेच टॅबमध्ये असावे. चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल, शिफ्ट आणि टी या कळा एकत्र दाबून परत आणता येतो. परंतु एवढ्या भरवशावर संदर्भ सोडू नयेत. काम थांबवताना निरुपयोगी टॅब बंद करून कंट्रोल, शिफ्ट आणि डी दाबावे (मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड), म्हणजे क्रोम व फायरफॉक्स या दोन्हींत त्या खिडकीतले सर्व टॅब एका नव्या फोल्डरमध्ये बुकमार्क म्हणून साठवता येतात.

खरी मेहनत बुकमार्कला नाव देण्यात आहे. पानाचे मूळ शीर्षक पुष्कळदा ‘मुखपृष्ठ’ एवढेच असते आणि चार महिन्यांनी त्यावरून काहीच आठवत नाही. म्हणून मी ते खोडून ‘खांदेरी, १६७९, इंग्रजांशी लढाई, तारखा ताडून पाहणे’ असे लिहितो. मग ॲड्रेस बारमध्ये ‘खांदेरी’ टाइप करताच ते पान समोर येते. फायरफॉक्समध्ये आधी तारांकन आणि एक मोकळी जागा दिल्यास शोध केवळ बुकमार्कपुरता राहतो.

किल्ल्यागणिक १२ फोल्डर करण्याचा मोह टाळावा, असे माझे मत आहे, कारण राजगड आणि रायगड या दोन्हींची माहिती देणारे पान नेमके कुठे ठेवायचे, हा प्रश्न रोज पडतो. ‘वाचायचे’, ‘तपासायचे’ आणि ‘वापरलेले’ हे तीन फोल्डर पुरतात.

बुकमार्कमध्ये फक्त पत्ता जपला जातो, मजकूर नाही. संकेतस्थळ बंद पडले की संदर्भही जातो. म्हणून महत्त्वाचे पान पीडीएफ करून ठेवावे, किंवा इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारी सेवा) त्याची प्रत जतन करावी. महिन्यातून एकदा सर्व बुकमार्क एचटीएमएल फाइलमध्ये एक्स्पोर्ट करून ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवावी. ब्राउझर बदलला तरी फोल्डरांसह सारे पुन्हा आणता येते.