कॉम्प्युटर चालू होईना? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

दिवाळीची सुट्टी संपून कारखाने उघडले, की अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून माझा फोन वाजायला लागतो. "मालक, कॉम्प्युटर चालूच होईना. पोरगं म्हणतंय विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल." (सोलापुरात सगळेच एकमेकांना मालक म्हणतात, त्यात खूश होण्यासारखं काही नाही.) मी दोनच गोष्टी विचारतो. बटण दाबल्यावर पंखा फिरतो का? आणि स्क्रीनवर एक तरी अक्षर उमटतं का? बहुतेकांनी हे पाहिलेलंच नसतं, पण फॉरमॅटचं, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकायचं, मात्र ठरलेलं असतं.

बटण दाबलं की आधी एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) वीज सोडतो. मग मदरबोर्ड प्रोसेसर आणि रॅम तपासतो, स्क्रीन उजळते, बायोस (मदरबोर्डमध्येच असलेला, विंडोजच्या आधी चालणारा प्रोग्रॅम) डिस्क शोधतो आणि सगळ्यात शेवटी विंडोजचा नंबर लागतो. स्क्रीनवर अक्षरच आलं नसेल तर विंडोजपर्यंत मामला पोचलेलाच नाही. पुण्याहून निघालेली गाडी कुर्डुवाडीला अडली असेल तर सोलापूर स्टेशनचा प्लॅटफॉर्म धुऊन ती येणार नाही. म्हणून पहिलं काम एकच, गाडी कुठे अडली ते बघायचं.

काहीच हालचाल नाही

आधी यूपीएस बाजूला काढा आणि वायर थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. घरगुती यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन-तीन वर्षांत मान टाकते. हिरवा दिवा लागलेला असतो, पण लोड आला की यूपीएस बसतो आणि दोष कॉम्प्युटरवर येतो.

तरी काही नाही? कॅबिनेट उघडा. समोरच्या बटणाची बारीक वायर मदरबोर्डवरच्या ज्या दोन पिनांवर बसते, ती काढून त्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना टेकवा. मशीन चालू झालं तर बिघाड बटणात आहे. नाही झालं तर वायर भिंतीतून काढा, एसएमपीएसचा २४ पिनांचा जोड मदरबोर्डवरून काढा, त्यातली हिरवी आणि कुठलीही एक काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडा आणि मगच वीज द्या. एसएमपीएसचा पंखा फिरलाच नाही तर तो गेला असं धरा. फिरला तरी तो ठणठणीत आहे असं नाही, कारण बिनलोडाचं कुणीही पळतं. खात्री हवी असेल तर दुसरा चालू एसएमपीएस लावून बघायचा. त्याचा डबा मात्र उघडू नका. आतले कपॅसिटर वायर काढल्यानंतरही काही काळ झटका देऊ शकतात.

पंखा फिरतो, स्क्रीन काळी

वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची वायर त्याला लावायची असते, ती मदरबोर्डला लावलेली असते. हसू नका, हे मी वर्षातून चार-पाच वेळा बघतो.

ती बरोबर असेल तर रॅम. वीज काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, रॅमच्या पट्ट्या काढा. सोनेरी दात पांढऱ्या मऊ खोडरबराने हलके पुसा. पेनची शाई खोडायच्या खरखरीत खोडरबराने नाही, त्याने सोन्याचा पातळ मुलामा खरवडून निघतो. खोडरबराचा भुसा झटका, स्लॉट कोरड्या मऊ ब्रशने साफ करा आणि एकच पट्टी कट्ट आवाज होईपर्यंत बसवा. नाही चाललं तर हीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी पट्टी पहिल्यात. डीडीआर५ रॅमचं नवं मशीन असेल तर पट्ट्या हलवल्यावर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते. बोर्ड त्या वेळात रॅमशी जुळवून घेत असतो. चहा घ्या, बटण दाबत बसू नका.

स्क्रीन येते, पण "रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस"

ही ओळ म्हणजे, विंडोज असलेली डिस्क मशीनला सापडत नाही. फॉरमॅटचा खरा बळी इथे जातो. मी स्वतः दिलेला आहे.

सुरुवातीच्या काळात साखर पेठेतल्या एका सूत व्यापाऱ्याचं मशीन आलं. काळ्या स्क्रीनवर बूट डिव्हाइसची ही ओळ, आणि कधीकधी निळी स्क्रीन येऊन "इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस". मी विंडोज खराब झालं असं ठरवलं. "डेटा डी ड्राइव्हला आहे ना?" विचारलं. ते "हो हो" म्हणाले, मी सी ड्राइव्ह पुसून नवं विंडोज टाकलं. त्यांचा हिशोब सी ड्राइव्हलाच होता. बिलं डेस्कटॉपवर होती. त्यांनी पुढचे तीन महिने वहीतून पुन्हा नोंदी केल्या आणि मला एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं. खरी चीड पुढे आली. काही महिन्यांनी तेच मशीन तीच ओळ दाखवत परत आलं. तेव्हा मी पहिल्यांदा बायोसमधली तारीख बघितली. मशीन कित्येक वर्षं मागे गेलं होतं. मदरबोर्डवरचा सेल मेला होता. पहिल्या वेळीही तोच मेला असणार, आणि मी विंडोज पुसत बसलो.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा सीआर२०३२ नावाचा ३ व्होल्टचा सेल असतो. वीज नसताना घड्याळ चालवायचं आणि बऱ्याच बोर्डांवर बायोसच्या सेटिंग्ज जपायच्या, हे त्याचं काम. मशीन भिंतीला लावलेलं आणि सॉकेट चालू असेल तर बंद मशीनलाही एसएमपीएस थोडी वीज पुरवत राहतो आणि सेलवर फारसा भार येत नाही. पण आपल्याकडे कारखान्यात रात्री मेन स्विच खाली पाडायची पद्धत आहे. दिवाळीला आठ-दहा दिवस, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आणखी दोन-तीन. तेवढा वेळ सगळा भार त्या सेलवर. म्हणून हे आजार सुट्टीनंतर येतात. मेन पाडूच नका असं मी म्हणत नाही, आगीपेक्षा सेल स्वस्त. पण सेल लवकर संपणार हे गृहीत धरा.

सेल गेला की बायोस कंपनीच्या मूळ सेटिंग्जवर जातो, आणि त्या तुमच्या विंडोजला चालतीलच असं नाही. डिस्कशी बोलायची पद्धत (साटा मोड) आयडीई, एएचसीआय किंवा रेड अशी असते. विंडोज टाकताना एक असेल आणि आता दुसरी झाली असेल, तर विंडोज सुरू होतानाच कोसळतं. तसंच बूटची, म्हणजे मशीन उठायची, पद्धत लेगसी (जुनी) की यूईएफआय (नवी), हे बदललं तर बायोसला डिस्क दिसते पण तिच्यावरून उठायचं कसं ते कळत नाही. डिस्कवरचं एकही अक्षर हललेलं नसतं. फक्त दार बदललेलं असतं.

तेव्हा ही ओळ दिसली की या क्रमाने जा, आणि क्रम मोडू नका.

आधी सगळे पेनड्राइव्ह काढा. मग चालू करताना डिलीट किंवा एफ२ (लॅपटॉपवर कंपनीप्रमाणे वेगळी) दाबत राहून बायोसमध्ये शिरा आणि पहिल्यांदा तारीख बघा. जुनी तारीख दिसली तर अर्धं उत्तर मिळालं. त्याच वेळी सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. नंतर काय बदललं ते डोक्यात राहत नाही, माझ्याही नाही.

मग डिस्कचं नाव दिसतं का बघा. दिसत असेल तर डिस्क निदान श्वास घेतेय. तारीख नीट करा, साटा मोड दुसऱ्या पर्यायावर नेऊन एफ१० ने सेव्ह करा. विंडोज उठलं तर झालं. नाही उठलं तर मोड आधी होता तिथे परत न्या, आणि मगच लेगसी-यूईएफआयला हात लावा. एका वेळी एकच बदल. दोन्ही एकदम बदलले की चार शक्यता होतात आणि तुम्ही गोल फिरत बसता. यूईएफआयमध्ये बूटच्या यादीत "विंडोज बूट मॅनेजर" दिसलं तर ते पहिल्या नंबरला घ्या, नुसतं डिस्कचं नाव नको. मशीन उठल्यावर ते बंद करून, वीज काढून, नवा सेल टाका आणि सेटिंग्ज पुन्हा एकदा तपासा, कारण सेल काढताना त्या परत उडालेल्या असू शकतात. जुना सेल मल्टिमीटरवर मोजायचा असेल तर २.८ व्होल्टच्या खाली आलेला मी ठेवत नाही.

एक जागा अशी आहे जिथे मीही थांबतो. नव्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद झालेली असते. बायोसमध्ये ढवळाढवळ झाली की बिटलॉकरची (या कुलपाचं नाव) निळी स्क्रीन ४८ आकडी किल्ली मागते. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात ती बहुतेक वेळा मिळते, पण ते खातं दुकानातल्या पोराने स्वतःच्या ईमेलने काढलेलं असेल तर शोधा त्या पोराला. किल्ली नाही तर डेटा नाही, तिथे माझी हुशारी चालत नाही. म्हणून मशीन ठीक असतानाच ती किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवा. त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करणारे महाभाग मी पाहिलेत.

डिस्कचं नावच दिसत नसेल तर साटा वायर (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) बदला, दुसऱ्या पोर्टला लावा, एम.२ डिस्क (थेट मदरबोर्डवर बसणारी पट्टी) असेल तर काढून पुन्हा बसवा. हार्ड डिस्कमधून टक टक टक असा ठरावीक लयीत आवाज येत असेल तर ताबडतोब बंद करा. "एकदा अजून बघू" म्हणत ती दहा वेळा चालू करू नका. आतला डेटा मोलाचा असेल तर तिला पुढचा हात डेटा रिकव्हरीवाल्याचाच लागू द्या.

विंडोजचा गोल फिरत राहतो

हे सोपं. दोन-तीनदा उठताना अडखळलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीची निळी पानं दाखवतं. आधी स्टार्टअप रिपेअर, मग शेवटचं अपडेट काढणं, मग सिस्टीम रिस्टोअर, मग सेफ मोड. "रिसेट, कीप माय फाइल्स" सगळ्यात शेवटी, कारण फाइली राहिल्या तरी टॅलीसकट सगळी सॉफ्टवेअर पुन्हा टाकावी लागतात.

पुन्हा होऊ नये म्हणून

यंत्रमागाजवळच्या ऑफिसमध्ये शत्रू म्हणजे सुताचे बारीक तंतू. ते प्रोसेसरच्या हीटसिंकवर (त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) असे बसतात, की पंख्याखाली छोटी गोधडी विणलेली निघते. बाहेर ४२-४३ अंश, पत्र्याखालचं ऑफिस, त्यात ही गोधडी. प्रोसेसर तापला की मशीन जीव वाचवायला स्वतःच बंद पडतं आणि लगेच चालू करायला गेलं की दोन मिनिटांत पुन्हा बसतं. मागाशेजारी दर दोन महिन्यांनी आणि घरी सहा महिन्यांनी ब्लोअर मारा. वीज काढून, मशीन बाहेर ओट्यावर नेऊन, आणि पंखे बोटाने धरून. हवेच्या झोताने पंखा सुसाट फिरवायला पोरांना मजा वाटते, पण त्यात त्याची बेअरिंग जाते. हीटसिंक काढलाच तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली जुनी पेस्ट पुसून नवी लावा.

कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. आणि आपल्या गावात सांगावंच लागतं: चालू कॉम्प्युटरवर चादर पांघरू नका. धूळ बसू नये म्हणून घातलेली चादर मागची जाळी बंद करते. मशीन बंद असताना हवी तर खुशाल घाला, अगदी नक्षीची.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात? म्हणजे अर्थिंग नाही. एसएमपीएसमधले छोटे कपॅसिटर गळकी वीज अर्थला सोडतात. अर्थ नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर साधारण निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो. वायरमनला सॉकेटवर मोजायला सांगा. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत हवेत. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता. तीन पिनांचा प्लग दोन पिनांत बसावा म्हणून वरची जाड पिन कापणारा माणूस भेटला तर त्याला पुढच्या वेळी घरात घेऊ नका.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन त्यामुळे बंद पडत नाही, पण सुरक्षेचे फुकटचे नेहमीचे अपडेट थांबले. हिशोबाच्या मशीनवर ते चालवत असाल तर बदलायचं मनावर घ्या. हिशोबाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या जागी ठेवा. बाहेरची डिस्क प्रत घेऊन झाली की काढून ठेवायची, कायम लावून ठेवायची नाही. एकाच वीजझटक्यात दोन्ही गेलेल्या मी पाहिल्यात.

आणि सेल मेल्यावर नव्हे, दर तीन वर्षांनी बदला. बदलला त्या दिवसाची तारीख मार्करने कॅबिनेटच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला लिहा. बायोसच्या पानांचे फोटो छापून तिथेच पाकिटात चिकटवले तर पुढच्या दिवाळीनंतर मला फोन करायची गरज पडणार नाही.